ऑफिसच्या मेल सर्व्हरवरून बाहेर जाणारे मेल आणि त्यांचं ऑथेंटिकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लहान ऑफिसांसाठी आहे. पाच ते पंचवीस माणसं, कोपऱ्यात एक लिनक्स मशीन, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि साधी ब्रॉडबँड लाइन. सीएंची ऑफिसं, पॅथॉलॉजी लॅब, वकील, बियाण्यांचे वितरक, पतसंस्था यांच्याकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची आहेत. सेटिंग्जची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

१. सर्व्हर आमचा, मेल आमचे, मग पासवर्ड कोणाला आणि कशासाठी द्यायचा?

एसएमटीपीचं (मेलच्या देवाणघेवाणीच्या नियमांचं) पहिलं प्रमाण, आरएफसी ८२१ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज, १९८२ सालचा. त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. कुणीही कुठल्याही सर्व्हरला मेल द्यावा आणि त्याने तो पुढे पोचवावा, असा मोकळा कारभार होता. स्पॅमवाल्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतल्यावर १९९९ मध्ये लॉगिनचा विस्तार आला. आज तुमचा सर्व्हर ज्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत मेल बाहेर पाठवतो, म्हणजे रिलेमार्फत, तो रिले आधी यूजरनेम-पासवर्ड मागतो.

ही झाली पहिली ओळख. दुसरी ओळख मेल ज्याच्याकडे पोचतो त्या सर्व्हरला पटवायची असते: हा मेल खरंच या डोमेनच्या मालकाने पाठवला आहे का? त्यासाठी एसपीएफ (कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद).

या दोन ओळखी वेगळ्या ठेवल्या तर निम्मा त्रास वाचतो. मेल रांगेत अडकला आणि लॉगमध्ये ऑथेंटिकेशनची (ओळख पटवण्याची) तक्रार दिसली, तर बिघाड पहिल्या ओळखीत आहे. मेल गेला, पण स्पॅममध्ये पडला किंवा समोरच्याने नाकारला, तर दुसऱ्या ओळखीत बघा. स्पॅमची तक्रार आली म्हणून रिलेचा पासवर्ड बदलत बसणारे आणि पासवर्ड चुकलेला असताना डीएनएसच्या (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या) नोंदी उकरणारे, दोघांचेही दिवस फुकट जातात.

२. रिले घ्यायलाच हवा का? सरळ आमच्या सर्व्हरवरून मेल पाठवले तर?

साध्या ब्रॉडबँडवरून जवळपास कधीच जमत नाही. बरेच इंटरनेट पुरवठादार बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायची वाट, बंद ठेवतात. तो चालू असला, तरी तुमचा आयपी पत्ता बदलता असतो. असे पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत मुळातच टाकलेले असतात. त्यात तुमचा दोष नसतो, पण या पत्त्यांवरून थेट मेल येऊ नये असाच त्या यादीचा हेतू आहे.

थेट पाठवायचंच असेल तर स्थिर आयपी हवा, आणि त्या आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, तुमच्या मेल सर्व्हरच्या नावावर हवी. ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही. ज्याचा आयपी आहे त्या पुरवठादारालाच ती करावी लागते. शिवाय ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे वळलं पाहिजे. क्लाउडवर मशीन घेऊनही सुटका नाही: अ‍ॅमेझॉनची ईसीटू सेवा आणि गूगल क्लाउड दोघांनीही बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळात बंद ठेवला आहे.

माझं मत स्पष्ट आहे. दहा-वीस माणसांच्या ऑफिसने रिले घ्यावा. आयपीची पत सांभाळणं हे पूर्णवेळ काम आहे.

३. पोर्ट २५, ४६५ आणि ५८७ यांतला नेमका कोणता?

रिलेला मेल द्यायला ५८७ किंवा ४६५. पोर्ट २५ हा सर्व्हरने सर्व्हरला मेल पोचवण्यासाठी आहे.

५८७ वर जोडणी साधी सुरू होते आणि मग स्टार्टटीएलएस म्हणून ती कूटबद्ध होते. ४६५ वर पहिल्या क्षणापासूनच टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, असतं. ४६५ जुना झाला, वापरू नका, असं अजूनही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते आता खरं नाही. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने ४६५ ला रीतसर मान्यता दिली. पोस्टफिक्समध्ये ४६५ वापरायचा असेल तर ‘एसएमटीपी टीएलएस रॅपरमोड’ हे ‘येस’ करावं लागतं, आणि ही सोय आवृत्ती ३.० पासून आहे. ते न करता नुसता पोर्ट बदलला, तर जोडणी लटकून राहते आणि शेवटी टाइमआउट होते.

४. पोस्टफिक्समध्ये नक्की काय काय लिहायचं?

सगळं ‘मेन डॉट सीएफ’ या फाइलमध्ये.

पहिली ओळ ‘रिलेहोस्ट’. इथे रिलेचं नाव चौकोनी कंसात, मग अपूर्णविराम आणि पोर्ट. चौकोनी कंस शोभेचे नाहीत. ते नसले तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधतं, आणि मेल येण्यासाठी ठेवलेल्या भलत्याच सर्व्हरकडे जातं.

मग ‘एसएमटीपी सॅसल ऑथ एनेबल’ हे ‘येस’ (सॅसल म्हणजे लॉगिनची यंत्रणा). इथे एक अक्षर नीट बघा. ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणारी सेटिंग्ज तुमच्या सर्व्हरकडे येणाऱ्या जोडण्यांसाठी असतात, आणि ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी तुमच्या सर्व्हरने बाहेर केलेल्या जोडण्यांसाठी. आपल्याला दुसरी हवीत. शेवटचा ‘डी’ जास्त पडला तर पोस्टफिक्स कुठलीही चूक दाखवत नाही आणि लॉगिनही करत नाही. “सगळं लिहिलंय, तरी चालत नाही” अशा तक्रारींमध्ये मी आधी हेच तपासायला सांगतो.

‘एसएमटीपी सॅसल पासवर्ड मॅप्स’मध्ये पासवर्डच्या फाइलचा पत्ता द्यायचा. त्या फाइलमध्ये एकच ओळ: आधी रिलेचं नाव, मग जागा सोडून यूजरनेम, अपूर्णविराम, पासवर्ड. रिलेचं नाव ‘रिलेहोस्ट’मध्ये जसं लिहिलं अगदी तसंच हवं, कंस आणि पोर्टसकट. एका ठिकाणी कंस आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही. ते लॉगिन न करताच मेल द्यायला जातं आणि रिले ५३० किंवा ५५४ असा एरर देऊन परत पाठवतो.

फाइल लिहून झाली की ‘पोस्टमॅप’ चालवायचं. पासवर्ड बदलला की पुन्हा चालवायचं, कारण पोस्टफिक्स मजकुराची फाइल वाचत नाही, तिच्यापासून तयार झालेली डेटाबेस फाइल वाचतं. काही नव्या लिनक्स आवृत्त्यांत नेहमीचा ‘हॅश’ प्रकार मिळत नाही, तिथे ‘एलएमडीबी’ वापरा. तुमच्याकडे कोणते प्रकार आहेत ते ‘पोस्टकॉन्फ’ला एम हा पर्याय देऊन कळतं.

‘एसएमटीपी सॅसल सिक्युरिटी ऑप्शन्स’ हे ‘नोअ‍ॅनॉनिमस’ एवढंच ठेवा (कारण प्रश्न ६ मध्ये). आणि ‘एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ किमान ‘एन्क्रिप्ट’. ‘एन्क्रिप्ट’ने जोडणी कूटबद्ध होते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासलं जात नाही. ती तपासणी ‘सिक्युअर’ या पातळीवर होते. त्यासाठी प्रमाणपत्रांच्या फाइलचा पत्ताही द्यावा लागतो. पासवर्ड देतोय, तर कोणाला देतोय हे तपासलेलं बरं, म्हणून मी ‘सिक्युअर’च लावायला सांगतो.

५. पासवर्ड साध्या अक्षरांत फाइलमध्ये राहतो. हे धोक्याचं नाही?

आहे, म्हणून फाइल आणि तिची डेटाबेस आवृत्ती दोन्हींची मालकी रूटकडे आणि परवानगी ६०० ठेवा. पोस्टफिक्स आपले विशेष अधिकार सोडण्याआधीच ही फाइल उघडतं, त्यामुळे ती बाकीच्यांना वाचता येण्याची गरज नसते. बॅकअपमध्ये ती कुठे कुठे जाते तेही बघा.

पासवर्ड फाइलमध्ये कूटबद्ध करून ठेवता येत नाही, कारण रिलेला तो मूळ स्वरूपातच द्यावा लागतो. म्हणून कुणा माणसाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड इथे कधीही वापरू नका. रिलेसाठी वेगळं खातं उघडा, ज्याला फक्त मेल पाठवता येतो.

६. लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ असं येतं. पासवर्ड तर शंभर टक्के बरोबर आहे.

पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. लॉगिन कोणत्या पद्धतीने करायचं यावरच दोघांचं एकमत झालेलं नाही. कारणं बहुतेक दोनच असतात.

एक, डेबियन किंवा उबुंटूवर ‘लिबसॅसल२ मॉड्यूल्स’ हे पॅकेज बसवलेलं नाही. प्लेन आणि लॉगिन या नेहमीच्या पद्धती त्या पॅकेजमधून येतात. दोन, प्रश्न ४ मधलं ‘नोअ‍ॅनॉनिमस’ लिहिलेलं नाही. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये ‘नोप्लेनटेक्स्ट’ही (साध्या अक्षरांत पासवर्ड देणाऱ्या पद्धती नकोत) असतं, आणि बरेचसे रिले प्लेन किंवा लॉगिनच देतात. टीएलएस सक्तीचं केलेलं असलं की प्लेन वापरायला हरकत नाही. टीएलएस नसताना मात्र अजिबात नको. पासवर्ड बेस६४ मध्ये जातो म्हणून सुरक्षित आहे असं काही जण समजतात. बेस६४ कुणालाही क्षणात उलटवता येतं.

७. ५३५ एरर (लॉगिन नाकारलं) येतो, पण जीमेलच्या साइटवर तोच पासवर्ड चालतो. असं कसं?

कारण जीमेलने नेहमीच्या पासवर्डने असं लॉगिन करू देणं बंद केलं आहे. वैयक्तिक खात्यांसाठी ‘कमी सुरक्षित अ‍ॅप्स’ची सोय ३० मे २०२२ पासून गेली. आता खात्यात द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो पडद्यावर चार-चारच्या गटांत दिसतो. फाइलमध्ये जागा न सोडता सलग लिहा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, हेही ध्यानात असू द्या.

साधं जीमेल खातं रिले म्हणून वापरत असाल तर दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, वर्कस्पेसला २,०००. महिनाअखेरीला बिलं पाठवणाऱ्या ऑफिसला पहिली मर्यादा सहज लागते.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर पासवर्ड तपासण्याआधी त्या मेलबॉक्ससाठी एसएमटीपी ऑथ (लॉगिन करून मेल पाठवायची सोय) चालू आहे का ते अ‍ॅडमिनकडून बघून घ्या. तो बंद असला तरी ५३५च येतो.

५३५ आला तरी पोस्टफिक्स मेल लगेच परत पाठवत नाही. रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करत राहतं. रांगेत शंभर मेल असतील तर चुकीच्या पासवर्डने वारंवार लॉगिन होतं आणि रिले खातं बंद करू शकतो. त्यामुळे शोधाशोध करताना आधी रांग थांबवा.

८. लॉगिन होतं, पण रिले म्हणतो की या पत्त्यावरून पाठवायची परवानगी नाही.

तुम्ही कोण आहात ते रिलेला पटलं, पण ‘फ्रॉम’मध्ये दुसऱ्याचं नाव आहे. मायक्रोसॉफ्टकडे हा ५.७.६० म्हणून दिसतो. जीमेल नाकारत नाही, गुपचूप ‘फ्रॉम’ बदलून स्वतःच्या खात्याचा पत्ता टाकतं. मग ग्राहकाचं उत्तर तिसऱ्याच मेलबॉक्समध्ये जातं आणि ऑफिसमध्ये कुणाला पत्ता लागत नाही.

क्रॉनचे (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) अहवाल, बॅकअपच्या सूचना असे मेल ‘रूट’ आणि मशीनचं अंतर्गत नाव मिळून बनलेल्या पत्त्यावरून निघतात, आणि असा पत्ता बाहेर अस्तित्वातच नसतो. ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’ वापरून असे पत्ते बाहेर पडताना खऱ्या पत्त्यात बदलून घ्या.

९. एकाच ऑफिसात दोन फर्म आहेत, दोन डोमेन, दोन रिले खाती. पोस्टफिक्सला कसं कळणार?

‘एसएमटीपी सेंडर डिपेंडंट ऑथेंटिकेशन’ चालू करा. मग पासवर्डच्या फाइलमध्ये रिलेच्या नावाऐवजी पाठवणाऱ्याचा पत्ता लिहून प्रत्येकाचं वेगळं लॉगिन देता येतं. रिलेच वेगळे असतील तर ‘सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप्स’ही लागतं. खाली रिलेच्या नावाने एक सर्वसाधारण ओळ राहू द्या, नाहीतर यादीत नसलेला पत्ता लॉगिनशिवाय जाईल.

१०. प्रिंटरचं स्कॅन-टू-ईमेल आणि टॅलीतून जाणारी बिलं, यांना कुठला सर्व्हर द्यायचा?

तुमचाच. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर ठेवण्याचा हा मोठा फायदा आहे. जुन्या प्रिंटरना टीएलएस १.० च्या पुढचं येत नाही आणि काही मोठ्या मेल सेवा आता ते स्वीकारत नाहीत. प्रिंटरने ऑफिसच्या नेटवर्कमध्येच पोस्टफिक्सला मेल द्यावा, आणि पोस्टफिक्सने तो आजच्या टीएलएसने, पासवर्डसकट, रिलेला द्यावा. प्रिंटर बदलायचा खर्च वाचतो, शिवाय रिलेचा पासवर्ड एकाच जागी राहतो.

त्यासाठी ‘मायनेटवर्क्स’मध्ये (लॉगिनशिवाय मेल देऊ शकणाऱ्या आयपींच्या यादीत) प्रिंटरचा एकच आयपी घाला. अख्खं नेटवर्क घालू नका, आणि पाहुण्यांचं वायफाय त्याच नेटवर्कवर असेल तर मुळीच नाही. ज्या संगणकावर टॅली आहे त्याला मात्र यूजरनेम-पासवर्डनेच तुमच्या सर्व्हरवर लॉगिन करू द्या. त्या संगणकात व्हायरस शिरला, तर ‘मायनेटवर्क्स’मधला आयपी त्याला हवे तेवढे मेल पाठवू देईल.

११. एसपीएफची नोंद कशी लिहायची?

डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी प्रकारची एक नोंद: सुरुवातीला ‘व्ही=एसपीएफ१’, मग ‘इन्क्लूड’ आणि रिलेने दिलेलं नाव, शेवटी ‘~ऑल’ किंवा ‘-ऑल’.

एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. वेबसाइटवाल्याने एक टाकली, रिलेवाल्याने दुसरी सांगितली, म्हणून दोन ठेवल्या तर दोन्ही निकामी होतात. दोन्हींतले भाग एकाच नोंदीत एकत्र करा. दुसरी मर्यादा डीएनएस शोधांची. एक नोंद तपासताना १० पेक्षा जास्त शोध लागले तर निकाल कायमची चूक असा येतो. प्रत्येक ‘इन्क्लूड’च्या पोटात आणखी ‘इन्क्लूड’ असतात, आणि तेही मोजले जातात. त्यामुळे सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका.

एसपीएफ वाचकाला दिसणारा ‘फ्रॉम’ तपासत नाही. तो पाकिटावरचा, म्हणजे बाउन्स ज्याच्याकडे परत जातो तो पत्ता तपासतो. प्रश्न १३ मध्ये याला फार महत्त्व आहे.

१२. डीकेआयएमची सही आम्ही करायची की रिलेने?

कुणीही करा, सही तुमच्या डोमेनच्या नावाने झाली पाहिजे. रिलेवाल्यांकडे डोमेन पडताळणीची सोय असते. ते देतील त्या नोंदी डीएनएसमध्ये टाकल्या की ते तुमच्या नावाने सही करतात. ते केलं नाही तर ते स्वतःच्या नावाने करतात. तपासणीत डीकेआयएम ‘पास’ दिसतो, सगळ्यांना हायसं वाटतं, पण डीमार्कला तो चालत नाही. मेलच्या हेडरमध्ये डीकेआयएम सिग्नेचरच्या ओळीत ‘डी=’ पुढे कोणाचं डोमेन आहे ते बघा.

स्वतः करायची असेल तर ओपनडीकेआयएम हा प्रोग्राम पोस्टफिक्सला मिल्टर (जाणाऱ्या-येणाऱ्या मेलवर काम करणारा जोडप्रोग्राम) म्हणून जोडा. किल्ली २०४८ बिटची घ्या. तिची नोंद २५५ अक्षरांत मावत नाही. ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत द्यावी लागते, काही पॅनेल हे आपोआप करतात. पॅनेलमध्ये नोंदीचं नाव लिहिताना डोमेन पूर्ण लिहू नका. बरीच पॅनेल ते स्वतः जोडतात आणि डोमेन दोनदा येऊन बसतं. मिल्टर जोडताना ‘एसएमटीपीडी मिल्टर्स’बरोबर ‘नॉन एसएमटीपीडी मिल्टर्स’ही लिहा, नाहीतर मशीनवरच तयार झालेले मेल सहीविना जातील.

१३. डीमार्कची नोंद टाकताना थेट ‘रिजेक्ट’ लावू का?

नको. आधी ‘पी=नन’ (नापास मेलवर काहीच कारवाई नको) आणि अहवालांसाठी ‘आरयूए’चा पत्ता. काही आठवडे अहवाल वाचा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते त्यातून कळतं: वेबसाइटचा संपर्क फॉर्म, पगारपत्रकाची सेवा, जुनं लॅबचं सॉफ्टवेअर. ते सगळं मार्गी लागल्यावर ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (नाकारा). थेट ‘रिजेक्ट’ लावलेल्या लॅबचे रिपोर्ट रुग्णांपर्यंत पोचणार नाहीत, आणि हे टाळता येण्याजोगं आहे.

डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एकाने पास होणं पुरतं, पण पास झालेलं डोमेन दिसणाऱ्या ‘फ्रॉम’च्या डोमेनशी जुळायला हवं. बरेच रिले पाकिटावर स्वतःचा पत्ता घालतात. अशा वेळी एसपीएफ त्यांच्या नावाने पास होतो आणि तुमच्या उपयोगी पडत नाही. मग सगळा भार तुमच्या नावाच्या डीकेआयएमवर येतो.

अहवाल दुसऱ्या डोमेनवरच्या पत्त्यावर मागवत असाल तर त्या डोमेननेही डीएनएसमध्ये संमतीची नोंद करावी लागते.

१४. आम्ही दिवसाला पन्नास मेल पाठवतो. गूगलचा ५,००० चा नियम आम्हाला कशाला?

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने जे नियम लावले, त्यांतले काही सगळ्यांनाच लागू आहेत. जीमेलला एक मेल पाठवायचा तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. नसेल तर ५.७.२६ म्हणून परत येतो. दिवसाला ५,००० च्या वर गेलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. ही गणना मुख्य डोमेनवर, उपडोमेन धरून होते. एकदा हा आकडा गाठला की गूगल ते डोमेन कायमचं मोठ्या पाठवणाऱ्यांत धरतं, त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छांसाठी ऑफिसचं मुख्य डोमेन वापरताना विचार करा.

१५. सगळं पास आहे, तरी एकाच ग्राहकाकडे एसपीएफ फेल दिसतो.

त्या ग्राहकाने स्वतःचे मेल दुसरीकडे फॉरवर्ड केले असणार. मेल शेवटी त्याच्या सर्व्हरच्या आयपीवरून पोचतो आणि तो आयपी तुमच्या एसपीएफमध्ये नाही. तो तिथे घालूही नका. मजकुराला धक्का लागला नसेल तर डीकेआयएमची सही फॉरवर्डनंतरही टिकते आणि त्यावर डीमार्क पास होतो. मेलिंग लिस्ट मात्र विषयात किंवा तळाशी भर घालतात आणि सही मोडते.

उलट, तुमच्याकडे आलेले मेल तुमचाच सर्व्हर बाहेर फॉरवर्ड करत असेल तर रिले ते नाकारू शकतो, कारण पाकिटावरचा पत्ता परक्याचा असतो. पोस्टएसआरएसडी हे सॉफ्टवेअर तो पत्ता तुमच्या डोमेनमध्ये बदलून देतं.

१६. आमचं डोमेन ‘डॉट भारत’ आहे. देवनागरी पत्त्यावरून मेल पाठवले तर हे सगळं चालतं का?

चालतं, अटींसह. पोस्टफिक्सला ३.० पासून एसएमटीपीयूटीएफ८ (देवनागरीसारख्या लिपीतले पत्ते हाताळायची सोय) येतं, पण रिलेला आणि समोरच्या सर्व्हरलाही ते यायला हवं. मधला एक जरी नाही म्हणाला तरी मेल परत येतो. डीएनएसमधल्या नोंदी देवनागरी नावाच्या प्यूनिकोड (रोमन अक्षरांतल्या) रूपाखाली कराव्या लागतात. देवनागरी पत्त्याबरोबर एक रोमन पत्ताही ठेवा आणि सरकारी पोर्टलवर तो द्या.

१७. वर्षभर व्यवस्थित चालू होतं. आता काही दिवसांपासून एकही मेल पोचत नाही आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही.

पोस्टफिक्स न गेलेला मेल पाच दिवस रांगेत ठेवतं आणि मगच पाठवणाऱ्याला परत करतं. मधल्या काळात इशारा देणारं ‘डिले वॉर्निंग टाइम’ मुळात शून्य, म्हणजे बंद असतं. ते चार तास करून ठेवा. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांची शांतता फार महाग पडते.

आत्ता ‘पोस्टक्यू’ला पी पर्याय देऊन रांग बघा, प्रत्येक मेलखाली कारण लिहिलेलं असतं. ५३५ असेल तर प्रश्न ७. रिले ‘मर्यादा ओलांडली’ म्हणत असेल, तर ऑफिसातल्या कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला असल्याची शक्यता आधी धरा. लॉगमध्ये ‘सॅसल यूजरनेम’ शोधून कुणाच्या नावाने ढीग निघतोय ते पाहा, त्याचा पासवर्ड बदला, रांगेतला स्पॅम काढा आणि मगच एफ पर्यायाने रांग मोकळी करा.

लॉग ‘व्हार लॉग’ फोल्डरच्या ‘मेल डॉट लॉग’मध्ये असतात. डेबियन १२ पासून ही फाइल लिहिणारं आरसिसलॉग आपोआप येत नाही, तिथे जर्नलसीटीएलने बघा. मूळ सेटिंगमध्ये ही फाइल चारच आठवडे टिकते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारतातच ठेवायचे आहेत आणि मशीनचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळतं ठेवायचं आहे. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, म्हणून जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटमधला आकडा चारवरून किमान सव्वीस करा.